छोट्या माणसाचे इंजिन

आम्ही कापडाचे व्यापारी. आम्ही इंजिनाविषयी काय लिहिणार, असे कोणी म्हणेल. पण ओझरच्या आमच्या दुकानात फळीवर जे कापड आहे त्यातला एक वारही इंजिनाशिवाय इथवर आलेला नाही. मालेगावची लुंगी असो, सुरतेची साडी असो की भिवंडीचे अस्तर, सारे डिझेलच्या गाडीतून उतरते. त्या डिझेलचा पैसा आम्ही भाड्यात देतो आणि गिऱ्हाईक तो आम्हाला भावात देते. ज्या वस्तूचा पैसा आपण रोज मोजतो ती चालते कशी, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. आम्हालाही नव्हते. उर्दू शाळेत सायन्स शिकलो ते पाठांतराचे. इंजिन शिकलो ते पुढे, गॅरेजच्या बाकड्यावर, गाडी दुरुस्त होईपर्यंत मिस्त्रींना प्रश्न विचारत विचारत.

या धड्यासाठी ओझर हे गाव चांगले. अंगावरून मुंबई-आग्रा रस्ता जातो, त्यावर ट्रकांची रांग दिवसरात्र तुटत नाही. भोवती द्राक्षाचे मळे, मळ्यामळ्यात ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर. आणि एका बाजूला १९६४ साली आलेला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना. त्यावरून लोक गावाला अजूनही 'ओझर मिग' म्हणतात. विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनापासून आकाशातल्या जेटपर्यंत सगळी जात इथे एका गावात पाहायला मिळते.

वाफ कोणाची, इंजिन कोणाचे

इंजिनाच्या आधी वाफ होती. वाफेचे यंत्र म्हणजे भट्टी, बॉयलर, कोळशाचा ढीग, पाण्याची सोय आणि हे सर्व सांभाळणारी माणसे. हा खटाटोप परवडायचा तो गिरणीमालकाला. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापूस गिरणीचा पाया घातला आणि १८५६ पासून ती चालू झाली. विलायतेच्या गिरण्यांनी हातमागवाल्याचे कंबरडे आधीच मोडले होते, त्यात देशी गिरण्यांची भर पडली. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडून, आझमगड-मऊच्या बाजूने, विणकर कुटुंबे निघाली आणि मालेगाव, भिवंडीत येऊन वसली. वाफेची ताकद एका मोठ्या छपराखाली राहत होती. विणकराला ती हवी असेल तर आपला माग सोडून त्या छपराखाली मजूर म्हणून जावे लागे.

इथे एक गोष्ट आपल्या कारागीर बांधवांनी जरूर ध्यानात घ्यावी. ज्या जर्मन इंजिनिअरच्या नावाने आपण डिझेल म्हणतो तो रुडॉल्फ डिझेल याच विचाराने बेचैन होता. लहान कारागिराजवळ लहान, स्वस्त आणि स्वतःपुरती ताकद असेल तर तो मोठ्या कारखान्यासमोर टिकेल, असे त्याचे म्हणणे होते. १८९३ साली त्याने आपली कल्पना पुस्तकरूपाने मांडली आणि १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन कसोटीला उतरले. जळणाच्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के त्या इंजिनाने कामाला लावली. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांना याच्या निम्मेही साधत नसे. १९१३ साली इंग्लंडला जाताना हा माणूस रात्री बोटीवरून नाहीसा झाला. पुढे त्याचे इंजिन मोठ्या जहाजांतही बसले आणि रणगाड्यांतही. पण आपल्या मुलखात ते पोचले ते खरोखरच लहान माणसाच्या दारी: पिठाच्या गिरणीत, तेलाच्या घाण्यावर, शेतकऱ्याच्या विहिरीवर.

पुण्याला खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. राजकोटच्या कारखान्यांनी विलायती लिस्टर आणि पीटर इंजिनांच्या धर्तीवर आपली इंजिने काढली. लिस्टरच्या धर्तीचे इंजिन मिनिटाला अवघे साडेसहाशे फेरे घेते, म्हणून त्याचा एकेक ठोका कानाने मोजता येतो. वीज नसलेल्या गावात तो आवाज आला की बायका दळणाचे डबे उचलत. आमच्या लहानपणी आम्ही तो ऐकला आहे.

चार भाऊ, एक कमावता

आता हे चालते कसे. सायकलचा पंप जोरात मारा आणि खालच्या टोकाला हात लावा, गरम लागेल. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनाचे सारे मर्म एवढेच. सिलिंडरमध्ये आलेली हवा पिस्टन दाबतो, ती मूळ जागेच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्शात कोंबतो. तेवढ्याने ती पाचशे अंशांहून अधिक तापते. त्या वेळी नोझल डिझेलचा बारीक फवारा मारते आणि तो आपोआप पेटतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. पेट्रोलच्या इंजिनात दाब कमी असतो, म्हणून तिथे स्पार्क प्लगची ठिणगी द्यावी लागते. जळलेला वायू फुगतो, पिस्टनला खाली ढकलतो, पिस्टनचा दांडा क्रँक फिरवतो आणि क्रँक चाक फिरवतो.

चार वेळा पिस्टन वर-खाली होतो: हवा आत घेणे, दाबणे, जळून ढकलणे, धूर बाहेर टाकणे. ही चार पावलांची रीत निकोलस ओटो याने १८७६ साली गॅसच्या इंजिनात बसवली. चारांपैकी ताकद देतो तो एकच टप्पा, बाकी तिन्ही खातात. आपल्या एकत्र कुटुंबासारखे म्हणा, चार भावांत एक कमावता. तिघांचे पोट भरावे म्हणून जड फ्लायव्हील असते. कमावत्याच्या वेळी ते ताकद साठवते आणि बाकीच्या वेळी देते. आमच्या भाषेत तो इंजिनाचा गल्ला.

आमच्यात काही जण मोठ्या अभिमानाने सांगतात की इंजिनाचा शोध मुसलमानांनी लावला. तसे म्हणणे बरोबर नाही. खरे आहे ते एवढे की दियारबकरच्या अर्तुकी दरबारात अल-जझरी नावाचे कारागीर-विद्वान होते. त्यांनी १२०६ साली पूर्ण केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात दोन सिलिंडरांचा, पाणी ओढून वर फेकणारा पिस्टनचा पंप आहे आणि फिरती गती सरळ गतीत बदलण्यासाठी क्रँकचा वापर आहे. हे थोडे नाही. त्यांच्या ग्रंथात मापे आहेत, जोडणीची रीत आहे, म्हणजे दुसऱ्या कारागिराला वाचून ते यंत्र करता यावे. आपल्या गॅरेजमधल्या किती उस्तादांनी आपला हुन्नर कागदावर उतरवला, हा प्रश्न आम्ही पुढे घेणार आहोत.

जेट इंजिनही हेच चार प्रकार करते: हवा ओढते, दाबते, जाळते, मागे फेकते. फरक असा की पिस्टनच्या इंजिनात ही कामे पाळीपाळीने होतात आणि जेटमध्ये एकाच वेळी, एकामागे एक अशा चार जागी, अखंड चालू असतात. ओझरला मिग-२१ चा सांगाडा तयार होई, इंजिन ओडिशातल्या कोरापूट येथून येई. २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. गावाचे टोपणनाव मात्र काही निवृत्त झालेले नाही.

एका खेपेचा हिशोब

आता आमच्या कामाचा हिशोब. ओझर ते मालेगाव जाऊन-येऊन सुमारे १७० किलोमीटर धरू. लहान डिझेल टेम्पो, ज्याला 'छोटा हत्ती' म्हणतात, तो राहूडचा घाट धरून लिटरला १७ किलोमीटर देतो असे धरू. म्हणजे १० लिटर डिझेल. लिटरला ९० रुपये धरले तर ९०० रुपये. या ९०० रुपयांचे इंजिन काय करते? साधारण तिसरा हिस्सा, ३०० रुपयांची ताकद चाकाच्या दिशेने जाते. उरलेले ६०० रुपये सायलेन्सरमधून गरम धूर होऊन आणि रेडिएटरमधून गरम वारा होऊन निघून जातात. यात मिस्त्रीचा दोष नाही. उष्णतेपासून काम काढण्याचा निसर्गाचाच कायदा असा आहे की काही भाग थंड बाजूला द्यावाच लागतो. चांगले मोठे डिझेल इंजिन चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत जाते, त्यापुढे फार थोडी.

अजून पुढे. ३०० रुपयांची ताकद हलवते कोणाला? गाडीचे स्वतःचे वजन आणि ड्रायव्हर मिळून भरल्या मालापेक्षा जास्तच होते. तेव्हा कापडाच्या वाट्याला येतात फार तर सव्वाशे-दीडशे रुपये. नऊशे मोजले आणि कापड हलले दीडशेत.

आता मीटरमागे पाहू. हलक्या सुती कापडाचे वजन मीटरला सुमारे १०० ग्रॅम. गाडी ७०० किलो भरली तर ७,००० मीटर माल आला, म्हणजे डिझेल मीटरला १३ पैसे पडले. हीच गाडी आम्ही घाईने १५० किलोवर आणली तर १,५०० मीटरमागे ९०० रुपये, म्हणजे मीटरला ६० पैसे. वजन कमी झाले तर डिझेल थोडे वाचते, पण हिशोब बदलावा इतके नाही, कारण इंजिन मुख्यतः गाडीच ओढत असते. आम्ही कित्येक वर्षे अर्धी गाडी आणली आणि भाव वाढल्याचा दोष डिझेलला दिला. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे भाव बाजारावर सोडले तेव्हाही आमची तक्रार भावाविषयीच होती. रिकाम्या जागेविषयी कोणी बोलले नाही.

जकातीच्या दिवसांत तर नाक्यावर गाड्या चालू इंजिनाने उभ्या असत. लहान डिझेल इंजिन जागेवर उभे राहूनही ताशी अर्धा-पाऊण लिटर पिते. ड्रायव्हर म्हणे, बंद केले तर सुरू होणार नाही. ते खरे असेल तर बॅटरी तपासावी.

माल आला, गिऱ्हाईक गेले

आमचे वडील बैलगाडीने आठवडी बाजार करत. पिंपळगाव, दिंडोरी, वडनेर भैरव. बैलगाडी दिवसाला पंचवीस किलोमीटर चालली म्हणजे पुष्कळ. मुंबईचा माल रेल्वेने नाशिकरोडला किंवा निफाडला येई आणि तिथून गाडीने. मालेगावहून बैलगाडीने माल आणायचा तर तीन दिवस. म्हणून वडील दिवाळी आणि रमजानचा माल तीन महिने आधी भरत. तेवढे भांडवल जवळ नसे, मग आडतीकडून उधार, त्यावर त्याचा भाव. गरीब दुकानदार अंतराच्या ओझ्याखाली होता.

१९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपूरला डिझेल ट्रक बांधायला सुरुवात केली. पुण्याच्या बजाज टेम्पोने १९५८ पासून तीनचाकी टेम्पो आणि पुढे मॅटाडोर काढली. २००५ साली टाटांचा छोटा हत्ती आला. ट्रक मोठ्या आडत्याचा असतो, छोटा हत्ती मात्र ड्रायव्हर स्वतः हप्त्याने घेऊ शकतो. आमच्या ओळखीची निदान दहा घरे अशी आहेत की बाप दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर होता आणि मुलगा स्वतःच्या टेम्पोचा मालक झाला. आज आम्ही रात्री फोन केला तर सकाळी माल दुकानात. तीन महिन्यांचा साठा तीन आठवड्यांवर आला आणि उधारीही तेवढीच कमी झाली.

मग आम्ही श्रीमंत झालो का? ज्या रस्त्याने माल आला त्याच रस्त्याने गिऱ्हाईक निघून गेले. लग्नाचा बस्ता पूर्वी गावच्या दुकानात बांधला जाई, दोन दिवस, चहापाण्यासह. आता जीप भरून मंडळी नाशिकला जातात. पैठणी हवी तर येवल्याला. मोटारसायकलवाल्या तरुणाला ओझरचे दुकान आणि नाशिकचे दुकान यांत अर्ध्या तासाचा फरक. आठवडी बाजारात कापडाच्या राहुट्या कमी झाल्या. अंतर हे गरीब दुकानदाराचे ओझे होते तसेच त्याचे कुंपणही होते. कुंपण गेल्यावर जो टिकला तो उधारी आणि नापसंत माल परत घेण्याच्या बोलीवर टिकला. वीस किलोमीटरवरचे दुकान बाईला चेहऱ्याने ओळखत नाही.

मिगच्या कॉलनीने आम्हाला दुसरे काही दिले. तिथे देशभरची माणसे आली. पगाराच्या आठवड्यात आमच्या वडिलांकडे ओरिया, बंगाली, मल्याळी बायका येत, पांढरी-सोनेरी काठाची साडी मागत. वडिलांनी तशी साडी पाहिलीही नव्हती. इंजिनाने माणसे हलवली, म्हणून फळीवरचा माल बदलला.

विहिरीवरचे ओळीत सांगतो, कारण शेतकरी ते आमच्यापेक्षा चांगले जाणतात. मोटेला बैलांची जोडी लागे आणि अंगणाएवढे शेत भिजवायला सकाळ जाई. ऑइल इंजिन आले, मग विजेची मोटार आली, बाग उभी राहिली. पण पंप पाणी वर काढतो, तयार करत नाही. विहिरी खोल गेल्या. शेवटी वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांनी बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या प्रयत्नाने नव्वदीच्या सुरुवातीस पाणीवापर संस्था काढल्या, पाण्याचे वाटप स्वतःच्या हाती घेतले. हे काम कोणत्याही इंजिनाने झाले नसते.

धूर

जमेच्या बाजूचे झाले. आता खर्चाची बाजू, आणि इथे आमची स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे.

२००६ साली दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली, २१ आणि २५ ऑक्टोबर. वर्षाचा धंदा आठ-दहा दिवसांत होणार होता आणि त्या काळात भारनियमन असे की संध्याकाळी ऐन वेळी अंधार. आम्ही एक लहान जनरेटर घेतला. बाहेर ठेवला तर चोरी होईल आणि आवाजाने गिऱ्हाईक पळेल, म्हणून तो दुकानामागच्या बोळातल्या खोलीत, गाठोड्यांच्या आड ठेवला. त्याच्या शेजारच्या खोलीत दोन मुले पिको-फॉलचे काम करत. इफ्तारनंतर गर्दी वाढली, जनरेटर चालू. नऊच्या सुमारास एक मुलगा डोके दुखते म्हणाला. रोज्याचा थकवा असेल म्हणून आम्ही त्याला लिंबूपाणी दिले आणि परत कामाला बसवले. थोड्या वेळाने दुसऱ्याला उलटी झाली आणि पहिला मशीनवर कलंडला. अल्लाहची मेहेरबानी की एका गिऱ्हाइकाने, जो स्वतः गॅरेजवाला होता, आत डोकावताच ओरडून सांगितले, मुलांना उघड्यावर काढा, जनरेटर बंद करा. दोन्ही मुले वाचली. डॉक्टरांनी सांगितले, अर्धा तास अधिक झाला असता तर सांगता येत नव्हते. आम्ही ती रात्र त्यांच्या उशाशी काढली. त्या मुलाला आम्ही परत कामाला बसवले होते, ही गोष्ट आजही मनातून जात नाही.

काय झाले होते? एक लिटर डिझेल किंवा रॉकेल पुरते जळायला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. बंद खोलीत इंजिन आधी ती हवा खाते. हवा कमी पडली की जळण अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्त ज्या ताकदीने प्राणवायू धरते त्याच्या दोनशे पटींहून अधिक ताकदीने हा वायू धरते, मग प्राणवायूला जागा उरत नाही. डोकेदुखी, मळमळ, सुस्ती ही पहिली चिन्हे. रोज्यातल्या थकव्याची चिन्हेही अगदी तीच, म्हणून धोका अधिक. जनरेटर छपराबाहेर, खिडकी-दारापासून दूर उघड्यावरच हवा. थंडीच्या पहाटे शटर अर्धे ओढून गाडी रेस करणाऱ्या गॅरेजवाल्यांनाही हेच लागू आहे.

डोळ्याला दिसतो तो धूर वेगळे सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर आधी पाहावा, मग नोझल. निळा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या वाटेने ऑइल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर डिझेल न जळता जाते आहे किंवा हेड गॅस्केटमधून पाणी शिरते आहे. टेम्पो भाड्याने ठरवण्याआधी आम्ही आता मागे उभे राहून रंग पाहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत निश्चितपणे घातला. तो धूर आमच्या खात्यात कधी पडत नाही. तो पडतो रस्त्याकडेच्या चहावाल्याच्या, टोलनाक्यावरच्या पोराच्या, गॅरेजच्या शागिर्दाच्या छातीत. एक लिटर डिझेलमागे अडीच किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो तो निराळाच, आणि बिगरमोसमी पाऊस व गारपीट द्राक्षावर आली की आमचा उन्हाळ्याचा धंदा बसतो हे निफाड तालुक्यात कोणाला सांगावे लागत नाही.

उस्तादांपुढचा प्रश्न

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ च्याच गाड्या विकल्या जातात. डिझेलमधले गंधक दहा लाखात पन्नास भागांवरून दहावर आले. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर आला, पुष्कळ ट्रकांना युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आली. हे चांगलेच झाले. काही मालक त्रास नको म्हणून तो फिल्टर पोकळ करून घेतात, ते करू नये आणि करून देऊही नये.

पण गॅरेजची रीत बदलली. आपल्या समाजात या रस्त्याकडेला, ओझरपासून धुळ्यापर्यंत, किती घरांची चूल पंप-नोझल, बोअरिंग, रेडिएटर, बॉडी, टायर यांवर पेटते! दहा-बारा वर्षांचे पोर उस्तादकडे पाने पुसायला लागायचे, आणि अठराव्या वर्षी टॅपेटचा आवाज ऐकून सांगायचे की कोणत्या सिलिंडरचा आहे. ही तालीम शाळेच्या तालिमेला मुकवून मिळत होती, हेही विसरू नये. आज नव्या डिझेल इंजिनात डिझेलचा दाब सोळाशे-दोन हजार बारपर्यंत असतो, फवारा कधी आणि किती मारायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. कान बिचारा काय करणार? नाशिकला सातपूरच्या ज्या कारखान्याला लोक अजून मायको म्हणतात, तो आजचा बॉश, तिथे नोझल बनते; पण ते नोझल तपासायला जे यंत्र लागते ते आपल्या उस्तादांपैकी किती जणांकडे आहे?

आणि त्यामागून विजेच्या गाड्या येत आहेत. रिक्षा आधी आल्या, लहान टेम्पोही येत आहेत. त्यांत पिस्टन नाही, रिंग नाही, नोझल नाही, ऑइल बदलणे नाही. ब्रेक, टायर, सस्पेन्शन, बॉडी, वायरिंग ही कामे राहतील. मोठा ट्रक डिझेलवर अजून बरीच वर्षे चालेल असे आमचे मत आहे. पण आज जो मुलगा पंधरा वर्षांचा आहे त्याची कमाईची वर्षे पुढची चाळीस आहेत. त्याला दहावी पुरी करू द्यावी आणि आयटीआयला घालावे, तिथे आता इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिकचाही अभ्यासक्रम निघाला आहे. बहुतेक विजेच्या कारमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो. तिथे अंदाजाने हात घालून शिकता येत नाही, पहिली चूकच शेवटची ठरेल.

आमची खरी चिंता निराळी आहे. डिझेल इंजिन लहान माणसाचे झाले ते स्वस्त होते एवढ्यामुळे नव्हे. ते पान्याने उघडता येत होते. राजकोटचा कारागीर विलायती इंजिन उघडून त्याच्यासारखे दुसरे करू शकला, ओझरचा मिस्त्री रस्त्यात हेड उतरवून गाडी घरी आणू शकला. विजेची गाडी दुकानातल्या बोर्डावर चार्ज होते, या अर्थी ती लहान माणसाची आहे. पण तिचा कंट्रोलर बंद डबी आहे, बिघडला की कंपनीचा माणूस येणार. मुंबईच्या गिरणीसारखे पुन्हा एका मोठ्या छपराखाली जावे लागणार की काय, हे अजून ठरायचे आहे. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग बाहेरच्या मिस्त्रीला मिळावेत, ही मागणी गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी आतापासून लावून धरावी. एकेकट्याचे कोणी ऐकणार नाही.

२००६ साली आमची मुले वाचवणाऱ्या त्या गॅरेजवाल्या भाईंनी दोन वर्षांपूर्वी स्कॅनर घेतला. तो चालवते त्यांची मुलगी, बारावी सायन्स झालेली. भाई आवाज ऐकून आधी आपला अंदाज सांगतात, मग ती मशीन लावते. बरोबर आणि चूक दोन्ही ती वहीत लिहून ठेवते, गाडीचे मॉडेल, किलोमीटर, लक्षण, कारण. वही मराठीत आहे, भाईंना उर्दूच वाचता येते, म्हणून रात्री ती वाचून दाखवते.

आणि आमचे म्हणाल तर ओझर-पिंपळगावच्या चार दुकानदारांनी मिळून एक टेम्पो ठरवला आहे. शुक्रवारी मालेगाव बंद असते, म्हणून गाडी मंगळवारी जाते. सहाशे किलोंच्या खाली माल असेल तर ती निघत नाही, दुसऱ्या दिवसाची वाट पाहते. गेल्या रमजानात एकदा तिने आमचीच वाट पाहिली. तिघांनी फोनवर बोलणी ऐकवली, पण गाडी भरून गेली.